इंगळे मॅडमचे सोबती

इंगळे मॅडमनी एकदा भर रस्त्यात वरात थांबवली होती.

पुढे डीजेची गाडी, मागे नाचणारी पोरं, त्यांच्यामागे फुलांनी मढवलेली नवरदेवाची मोटार, आणि हे सगळं जळगाव जामोदच्या अशा गल्लीत, जिथे दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाला मागे जावंच लागतं. मोटारीच्या बॉनेटवर थर्माकोलची सोनेरी इंग्रजी अक्षरं चिकटवलेली होती : सचिन वेड्स विथ पूजा. मॅडम दूध घेऊन घरी निघाल्या होत्या. त्यांनी ते वाचलं, आणि दुधाची पिशवी हातात उंच धरून त्या मोटारीसमोर उभ्या राहिल्या.

डीजेवाल्याला वाटलं, कोणी गाडीखाली आलं. त्यानं गाणं बंद केलं. "कोनाले लागलं का?"

"विथ लागला हाय," मॅडम म्हणाल्या. "तो काढा."

नवरदेव त्यांचाच विद्यार्थी. त्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, मुहूर्त टळून जाईन. लग्न लागलं की काढतो."

"मुहूर्त टळला तं दुसरा भेटते. हे फोटोत गेलं तं जनमभर राहीन. वेड्सले सोबती लागत नाही, हे मी तुले आठवीत सांगतलं होतं."

शेवटी मुंडावळ्या सावरत सचिन खाली उतरला आणि नखांनी ती अक्षरं खरवडून काढली. वरमाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मॅडमनी ती अक्षरं मागून घेतली, "वर्गात कामी येतील" म्हणून पिशवीत टाकली, नवरदेवाच्या पाठीवर हात ठेवला आणि बाजूला झाल्या. वेड्स आणि पूजा यांच्यामध्ये एका शब्दाची रिकामी जागा घेऊन वरात पुढे गेली. मॅडम तेव्हा निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. त्यांना वर्ग नव्हता. पण हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

मी राऊत. मॅडमच्याच शाळेत मराठी शिकवायचो. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत आणि मॅडमचं घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत आहे. मागच्या वर्षी माझी पत्नी मालती गेली, आणि त्यानंतर मी बसून जेवायचं सोडून दिलं. मला पुन्हा ताटावर कसं बसवण्यात आलं, ते मला लिहून ठेवायचं आहे. हळूहळू लिहितो आहे, कारण हल्ली माझं सगळंच हळू चालतं. पण ती गोष्ट मॅडमच्या इंग्रजीशिवाय सांगता येत नाही, म्हणून आधी इंग्रजी.

मॅडम मूळच्या वरवट बकालच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. त्या घरातून ही मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली, आणि आमच्या शाळेत रुजू झाली तेव्हा स्टाफरूममधल्या काही जणांना वाटलं, ही मुलगी भिडस्त असेल. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांची इंग्रजी सूचना शिपायाच्या हाती परत गेली. सूचना होती, गॅदरिंगबद्दल चर्चा करण्यासाठी सर्वांनी जमावं अशी, आणि तिच्यात 'डिस्कस अबाऊट' असं लिहिलं होतं. 'अबाऊट'भोवती लाल गोल. "डिस्कस एकटा फिरते," मॅडमनी शिपायाला सांगितलं होतं. "त्याच्या मांगं अबाऊट कोनं लावला, ते सरांना इचार."

त्यानंतर मुख्याध्यापकांनी सूचना मराठीत काढायला सुरुवात केली, आणि सूचना फिरवल्यावर ते माझ्याकडे चोरून पाहू लागले. मी काही तपासत नाही यावर त्यांचा विश्वास बसायला बराच काळ गेला.

मॅडमचा सिद्धांत सोपा होता. इंग्रजीतलं क्रियापद कसं आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, ते कोणासोबत फिरतं यावरून कळतं. मागे येणाऱ्या त्या छोट्या शब्दांना व्याकरणाच्या पुस्तकात मोठं नाव आहे, पण मॅडम त्यांना फक्त सोबती म्हणायच्या. "आता हा लुक पाहा," त्या वर्गात सांगायच्या. "अ‍ॅटसोबत गेला की नुसता पाहते. फॉरसोबत गेला की शोधते. आफ्टरसोबत गेला की सांभाळते. पोरगा तोच हाय बे, सोबत बदलली की कामाले लागला." वर्गात कोणी मुलगा चुकला की त्या रागवायच्या नाहीत. काळजीनं विचारायच्या, "याचा सोबती कुठी गेला?" जणू एखादं पोर जत्रेत हरवलं आहे.

एकदा त्यांना मलेरिया झाला. दवाखान्यात सलाइन लावलेलं, अंगात हुडहुडी. डॉक्टर नवीन होते. ते नर्सला इंग्रजीत सांगत होते की पेशंट तापानं आजारी आहे, आणि त्यांनी 'सफरिंग' नंतर 'विथ' लावला. पांघरुणातून आवाज आला, "फ्रॉम." डॉक्टर म्हणाले, "काही बोलल्या का?" मॅडमनी डोकं बाहेर काढून पुन्हा सांगितलं, "फ्रॉम. विथ नाही." डॉक्टरांनी मनगट हातात धरून नाडी पाहिली आणि मला म्हणाले, "काळजी नको, शुद्धीवर आहेत." मला मनात वाटलं, या कधी बेशुद्ध असतील तर आम्हाला कसं कळेल?

त्यांची शिकवायची पद्धत आमच्या शाळेबाहेर मी कुठे पाहिली नाही. वर्षाच्या सुरुवातीला त्या अर्ध्या वर्गाला क्रियापदं करायच्या आणि अर्ध्या वर्गाला सोबती. प्रत्येक मुलाला एक शब्द. मग ज्याचा जो सोबती, त्याच्या शेजारी त्यानं वर्षभर बसायचं. 'लिसन'च्या शेजारी 'टू'. 'डिपेंड'च्या शेजारी 'ऑन'. नुसतं बसायचंच नाही, मधल्या सुट्टीत डबाही एकत्र उघडायचा, कारण मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे सोबती वेगळा जेवत नसतो. मुलं शाळा सोडून गेली तरी शब्द त्यांना चिकटून राहिले. आमच्या गावात औषधाच्या दुकानात बसतो तो लिसन. त्याच्याशी बोलताना गिऱ्हाईक अजून म्हणतं, "लिसनभाऊ, खोकल्याचं द्या बरं." बाजारात शिलाईचं दुकान आहे ते रफिकचं, आणि रफिक म्हणजे ऑन. त्यानं तर पाटीच 'ऑन टेलर्स' अशी केली. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, दुकान उघडं आहे हे सांगायची ही काही पद्धत असेल.

या पद्धतीवर एकदा तक्रार आली. 'डिपेंड' हा एका मोठ्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा होता. व्यापारी शाळेत आले. आपला मुलगा कोणाच्याही शेजारी बसतो ते ठीक, पण कोणाच्याही डब्यात हात घालतो आणि कोणीही त्याच्या डब्यात हात घालतं, हे त्यांना चालणार नव्हतं. कोणीही म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. समोर उभ्या असलेल्या मॅडमनाही ते कळत होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठजी, हे जेवनाचं नाही, व्याकरनाचं हाय. डिपेंडच्या बाजूले ऑनच येते. मी काय करू? इंग्रजांनी लावून ठेवलं."

"मग माझ्या पोराचा शब्द बदला."

"बदलते. पन सगळे चांगले शब्द वाटून झाले. एक 'डाय' उरला हाय. देऊ का?"

शेठजींनी 'डाय'चा अर्थ माझ्याकडे पाहून विचारला. मी सांगितला. ते चहा न घेताच गेले, आणि डिपेंड ऑनच्या शेजारी बसत राहिला. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. सगळ्यांचं मत एकच पडलं, की मॅडमना सोबत्यांपुढे माणसं दिसत नाहीत.

त्यांच्या निरोप समारंभात तर कहर झाला. जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना स्टीलच्या ताटांचा संच दिला. आपल्याकडे भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं, आणि मॅडमना द्यायचं म्हणून पोरांनी नाव इंग्रजीत घातलं. नाव घालणारा कारागीरही मॅडमचाच विद्यार्थी. त्यानं प्रत्येक ताटावर मशीननं सुंदर वळणदार अक्षरात कोरलं होतं, 'प्रेझेंटेड फॉर इंगळे मॅडम'. मॅडमनी व्यासपीठावर वरचं ताट उचललं, चष्मा लावला. त्यांनी दुसरं ताट पाहिलं. तिसरं पाहिलं. मग माईकवर आल्या.

"मी इतके वर्ष इथं काय करून राह्यले होते?" त्यांनी विचारलं. "इथं टू पाह्यजे."

कारागीर मागच्या रांगेत उभा राहून म्हणाला, "मॅडम, खोडून देतो."

"खोडलं तं ताट खराब होईन. राहू दे." त्यांनी ताटं पुन्हा खोक्यात ठेवली. नंतर कोणीतरी त्यांना विचारलं, ताटं वापरता का? तर म्हणाल्या, "ज्याचा सोबती चुकला, त्या ताटात घास उतरत नाही." खोकं माळ्यावर गेलं ते तिथेच राहिलं.

आता मालतीबद्दल.

ती गेली तेव्हा आठवडाभर घर भरलेलं होतं. मुलगा पुण्याहून आला, सून आली, सगळे मला पुण्याला चला म्हणत होते. मी नंतर येतो म्हणालो. इंगळे मॅडम रोज संध्याकाळी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या. मुलाच्या मित्रांनी मोबाइलवर इंग्रजीत शोकसंदेश पाठवले होते, त्यातला एक त्यानं त्यांना वाचायला दिला. त्यात नक्कीच काहीतरी चुकलेलं असणार, कारण मॅडमचा हात सवयीनं पर्सकडे, लाल पेनकडे गेला. मग त्यांनी पर्स बंद केली आणि मोबाइल परत दिला.

सगळे आपापल्या गावी गेल्यावर मी एकटा उरलो. पोळ्या करायला एक बाई येतात, भाजी मला येते. जेवणाची अडचण अशी काही नव्हती. अडचण ताटाची होती. मालती असताना आम्ही समोरासमोर बसायचो. आता ताट घेऊन बसलं की समोर भिंत दिसायची. म्हणून मी ओट्याजवळ उभ्यानंच पोळीची गुंडाळी करून, पातेल्यातली भाजी लावून खाऊन घ्यायचो. पटकन व्हायचं. भांडंही घासावं लागायचं नाही. कधी कधी तेवढं खाणंही राहून जायचं.

एक दिवस दुपारी मॅडम मागच्या गल्लीतून जात होत्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. त्या थांबल्या.

"सर, उभ्यानं जेवून राह्यले?"

"झालंच," मी म्हणालो.

"झालंच म्हन्जे काय झालं?"

मी हातातली गुंडाळी ओट्यावर ठेवली. त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रफिक टेलर. गळ्यात मापाची टेप, हातात डबा.

"सर, मॅडमनं पाठवलं. म्हने, तुही इंग्रजी लय बिघडून राह्यली, सरांकडून सुधारून घे. जेवता जेवता."

"रफिक, मी मराठी शिकवायचो."

"मले माहीत हाय सर. पन मॅडमले कोन सांगन?"

मी दारातून बाजूला झालो. रफिकनं आत येऊन सतरंजी कुठे आहे ते विचारलं, अंथरली, डबा उघडला आणि माझी वाट पाहत बसून राहिला. मी ताट घेईपर्यंत त्यानं घासाला हात लावला नाही. त्या दिवशी डब्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. "घ्या सर, घरवालीच्या हातची हाय. तिखट लागलं तं पानी जवय ठेवा." पुष्कळ दिवसांनी मी जेवताना समोर माणूस पाहत होतो.

मग हा रोजचा नेम झाला. मॅडमनी त्याला अट घातली होती की जेवताना एक तरी इंग्रजी वाक्य बोलायचं आणि संध्याकाळी त्यांना जाऊन ऐकवायचं. रफिकला शाळेपासून एकच सोबती पाठ होता. आज म्हणायचा, "आय डिपेंड ऑन माय वाइफ." उद्या, "आय डिपेंड ऑन माय मशीन." लाइट गेली तर, "आय डिपेंड ऑन लाइट, अन् लाइट काई डिपेंड ऑन मी नाही." हे वाक्य बरोबर आहे की चूक ते मी ठरवू शकलो नाही. मी त्याला शाबासकी दिली. मॅडमनी संध्याकाळी ते वाक्य तपासून निरोप पाठवला, की दोन्हीकडे ऑन बरोबर आहे, फक्त सरांनी शाबासकी जरा सांभाळून द्यावी.

एकदा जेवताना मी सहज त्या तक्रारीची आठवण काढली. म्हटलं, तुमच्या जोडीवरून किती गोंधळ झाला होता, आणि मॅडमना मात्र शब्दांपुढे काही दिसतच नव्हतं.

रफिकनं हातातला घास खाली ठेवला.

"सर, तुमाले अजून तसंच वाटते का? मॅडम शब्द पाहून जोड्या लावत नव्हत्या. डबे पाहत होत्या."

मला समजलं नाही.

"माही अम्मी दुसऱ्याच्या घरी कामाले जाये. सकाळी घरात कोनी नसे. मी डबा आनतच नव्हतो, मधल्या सुट्टीत नळावर पानी पिऊन खेळाले पळे. मॅडमनं पहिल्या आठवड्यात ते पाह्यलं. मंग मी झालो ऑन, अन् ज्याचा डबा तीन पुडांचा, तो झाला डिपेंड. सगळ्या वर्गात तसंच होतं, आठवून पाहा. ज्याचा डबा मोठा तो क्रियापद, ज्याच्याजवय काईच नाही तो सोबती." तो हसला. "माही भूक लय होती, तं मॅडमनं मले पुन्हा 'इन्सिस्ट' देला, 'रिलाय' देला, 'कॉन्सन्ट्रेट' देला. सगळे ऑनवाले. मी चार डब्यांत जेवे सर. पोरं म्हनत, ऑन लय इम्पॉर्टंट शब्द हाय बे."

मॅडमच्या शेजारच्या टेबलाशी मी सारी नोकरी काढली, त्या सूचनेतला गोल पाहून हसलो, आणि शेठजींना 'डाय'चा अर्थही मीच सांगितला. डब्यांकडे मी पाहिलं नव्हतं. मॅडमनीही कधी सांगितलं नाही. व्याकरण म्हटलं की कोणी वाद घालत नाही, आणि ज्याला दिलं त्याला आपण घेतोय असंही वाटत नाही.

"पोरांना माहीत होतं?" मी विचारलं.

"तवा नव्हतं. आपापले लेकरं शाळेत गेल्यावर समजलं."

आम्ही पुन्हा जेवायला लागलो. थोड्या वेळानं मीच विचारलं, "रफिक, मॅडम कोणासोबत जेवतात?"

मॅडमच्या आई त्यांच्याजवळ राहायच्या, त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ गावाकडे. हे सगळं आम्हा दोघांनाच काय, साऱ्या गावाला माहीत होतं. पण ते जेवणाशी जोडून कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रफिक नेहमीच्या वेळी आला, पण सतरंजी अंथरली नाही. मी माझी पोळी-भाजी आणि वरण डब्यात भरलं आणि आम्ही मागच्या गल्लीत गेलो.

मॅडमचं दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, चांगला चढलेला.

"काऊन रे, एवढं शिकलास अन् हे लिहितं? कोन होते तुले शिकवाले?"

रफिक दारातच थांबला. "सर, मॅडमकडे कोनी पाहुना आला. चला, मंग येऊ."

आम्ही वळणार, एवढ्यात पुन्हा आवाज आला. "अन् हा पाहा. हा तुह्याहून हुशार. यानं तं सोबतीच गिळून टाकला." पण उत्तर काही येत नव्हतं. थोडं थांबून पुन्हा मॅडमच. मी दार जरा लोटलं.

मॅडम जमिनीवर पाटावर बसल्या होत्या. समोर एका वाटीत कालवण, वाटीवर भाकरीचा तुकडा. वाटीच्या पलीकडे, जिथे समोरच्या माणसाचं ताट असतं त्या जागी, इंग्रजी पेपर उघडून पसरलेला. उजव्या हातात घास आणि डाव्या हातात लाल पेन. पेपरवर जागोजागी लाल गोल. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीत बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी सचिनच्या वरातीतली 'विथ'ची ती सोनेरी अक्षरं उभी करून ठेवलेली होती.

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर, चोरी पकडली जावी तसं काहीतरी क्षणभर दिसलं आणि गेलं.

"तुमी इकडं काऊन?" त्या म्हणाल्या. "रफिक, तुले तिकडं पाठवलं हाय नं?"

"हाव मॅडम. पन सरांची मराठी लय चांगली हाय, इंग्रजी त्यांना काई येत नाही. म्हने, तपासाले मॅडमच पाह्यजे." हे त्यानं वाटेत ठरवलेलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं.

मॅडमनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. रफिकच्या डब्याकडे पाहिलं. डबे पाहण्याची त्यांची ती नजर मला पहिल्यांदाच ओळखू आली. मग त्या हात धुऊन आत गेल्या.

बराच वेळ आतून खुडबुड येत होती. फळीवर काही सरकवल्याचा आवाज, मग स्टूल ओढल्याचा. रफिक मदतीला उठला, तर आतून "बस तिथंच" असं आलं. नंतर चिकटपट्टी फाडल्याचा लांबलचक आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा केसांवर जळमट होतं आणि हातात तीन ताटं होती. नवी कोरी, अजून एकदाही न वापरलेली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि आमच्यासमोर मांडली.

ताटाच्या मधोमध ती वळणदार अक्षरं चमकत होती. रफिकनं वाकून वाचायला सुरुवात केली. "मॅडम, हे तं फॉर..."

मी त्याला कोपरानं ढोसलं.

"मले दिसते, रफिक," मॅडम म्हणाल्या. "वरन वाढ त्याच्यावर."

रफिकनं आपल्या डब्यातला भात घातला, त्यावर वरण वाढलं. अक्षरं दिसेनाशी झाली. मॅडमनी पेनला टोपण लावलं, पेपरची घडी केली आणि तो खिडकीत त्या सोनेरी अक्षरांमागे ठेवून दिला. समोरची जागा मोकळी झाली. मी अजून डबा हातात धरून उभाच होतो.

"बसा नं सर," त्या म्हणाल्या. "काऊन उभे हा?"

मी बसलो.